नसेला इजा झाल्यावर एनसीव्ही टेस्ट कोणत्या दिवशी करायची: दिवसांचा हिशेब

जुलैतल्या एका संध्याकाळी स्टेशनच्या पुलाच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहण्याआधीच विचारलं, "बाई, मनगट वर उचला बघू." उचललं जाईना. बोटंही उघडत नव्हती. दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली जाणारी रेडियल नावाची नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दुखावली होती.

तिसऱ्या दिवशी ओळखीतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून एका खासगी केंद्रात एनसीव्ही केली, म्हणजे करंट देऊन नसेतून संदेश कसा आणि किती वेगाने जातो हे बघणारी टेस्ट. रिपोर्टवर शेरा होता, कोपराखाली नस नॉर्मल. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जाऊबाई सिद्धिविनायकाला जाऊन आल्या. मग सव्विसाव्या दिवशी दुसरी टेस्ट झाली, आणि त्याच नसेकडून त्याच जागी उत्तरच आलं नाही. आम्हाला वाटलं, मधल्या तीन आठवड्यांत काहीतरी बिघडलं. प्लास्टर घट्ट बसलं असेल, फिजिओथेरपीत हात ओढला गेला असेल. दोन रात्री मी डोळा लावला नाही.

मधे काहीच बिघडलं नव्हतं. जी इजा व्हायची ती पुलावरच झाली होती. पहिली टेस्ट खरी होती, पण इतक्या लवकर झाली होती की तिला ती इजा दिसणंच शक्य नव्हतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. नंतर ज्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्याकडून आणि पुढच्या नऊ महिन्यांत जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. उपचार तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यांना योग्य दिवशी योग्य प्रश्न विचारता यावेत, यासाठी हा लेख.

१. इजेची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा

पुढचा सगळा हिशेब या एका तारखेवर चालतो. टेस्टची तारीख रिपोर्टवर छापलेली असते. इजेची तारीख बहुतेक वेळा कुठेच नसते. मग तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट आणि तिसाव्या दिवसाचा रिपोर्ट फाइलमध्ये शेजारी शेजारी पडून राहतात आणि वाचणारा गोंधळतो.

तारखेसोबत आणखी एक गोष्ट लिहा: हालचाल नेमकी केव्हा गेली. पडल्या क्षणापासून मनगट बंद होतं, की हाड बसवल्यानंतर, प्लास्टर घातल्यानंतर, ऑपरेशननंतर बंद पडलं? सर्जनचे पुढचे निर्णय यावर बदलू शकतात, आणि दोन आठवड्यांनी घरातल्या चौघांच्या चार आठवणी असतात. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवला तर उत्तम. मनगट वर, बोटं उघडणं, बोटं फाकवणं, अंगठा करंगळीला लावणं. पायाला लागलं असेल तर चवडा वर उचलणं. दर रविवारी तोच व्हिडिओ पुन्हा काढा.

२. नस दुखावते तेव्हा आत काय होतं, ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळू नका. हे कळलं की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

नस म्हणजे हजारो बारीक धाग्यांची केबल. प्रत्येक धाग्यावर वेष्टण असतं आणि सगळ्यांभोवती बाहेरची नळी. ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आजही ओपीडीत ऐकू येतात. पहिला न्यूराप्रॅक्सिया: धागे शाबूत, फक्त वेष्टणाला मार लागून संदेश अडला आहे. हा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत भरून येतो. दुसरा ॲक्सोनोट्मेसिस: आतले धागे तुटले, पण बाहेरची नळी टिकून आहे, त्यामुळे धागा पुन्हा वाढायला वाट उरते. तिसरा न्यूरोट्मेसिस: सगळंच तुटलं. इथे शस्त्रक्रियेशिवाय फारशी आशा नसते.

आता मुख्य मुद्दा. धागा तुटला तरी तुटीच्या खालचा तुकडा लगेच मरत नाही. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तरी आपल्या घरातला नळ थोडा वेळ वाहतो, कारण पाइपात पाणी उरलेलं असतं. तसंच हे. खालच्या तुकड्याला बाहेरून करंट दिला तर तो काही दिवस इमानदारीने संदेश पुढे नेतो. मेंदूकडून मात्र त्याच्याकडे काहीच येत नसतं. हळूहळू तो तुकडा विरत जातो. या विरण्याला वॉलेरियन डीजनरेशन म्हणतात, कारण ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे पहिल्यांदा दाखवलं.

एनसीव्हीत टेक्निशियन नेमकं हेच करतात: बाहेरून करंट देऊन नस तो पुढे नेते का, हे बघतात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत पूर्ण तुटलेली नस आणि नुसती बधिरलेली नस, दोन्ही तुटीच्या खाली सारखंच उत्तर देतात. माझ्या पहिल्या रिपोर्टवरचं "नॉर्मल" हे पाइपातलं उरलेलं पाणी होतं.

३. कोणत्या दिवशी कोणती टेस्ट काय सांगते

टेस्टचे दोन भाग असतात. एनसीव्हीत त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून करंट देतात. ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालून त्याची विद्युत हालचाल ऐकतात आणि पाहतात. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिले दोन दिवस. तुटीच्या खाली सगळं नॉर्मल. तुटीच्या वर करंट दिला तर मात्र खाली उत्तर येत नाही किंवा कमी येतं. म्हणजे इजा कुठे आहे हे कळतं, किती खोल आहे हे कळत नाही. लवकर केलेली टेस्ट निरुपयोगी असते असं मी म्हणणार नाही. जागा नेमकी ठरवायला पहिला आठवडा चांगला असतो, कारण नंतर खालचा तुकडाच विरून गेला की वर-खालची तुलना करता येत नाही. मधुमेहामुळे आधीच नसा कमजोर असतील तर सुरुवातीची नोंदही कामाला येते. पण माझ्यासारखं दंडापर्यंत प्लास्टर असेल तर वरच्या बाजूला करंट देता येत नाही, फक्त खालची टेस्ट होते, आणि खालची तर त्या दिवशी नॉर्मलच येणार. माझ्या बाबतीत असंच झालं.

सुईची टेस्ट या दिवसांतही एक मोलाची गोष्ट सांगू शकते. "मनगट उचलायचा प्रयत्न करा" असं म्हटल्यावर स्नायूत एखाद-दुसरा जरी सिग्नल दिसला, तरी नस पूर्ण तुटलेली नाही. काहीच दिसलं नाही, तर मात्र निष्कर्ष काढता येत नाही. नुसता संदेश अडला असला तरी काहीच दिसत नाही.

तिसरा ते सातवा दिवस. धागे तुटले असतील तर आता हालचालीच्या नसेचं उत्तर घसरायला लागतं आणि आठवडा उलटेपर्यंत, काहींत नवव्या दिवसापर्यंत, नाहीसं होतं. या काळात केलेली टेस्ट अर्धवट पाण्याच्या नळासारखी असते: आज पाच आलं म्हणून उद्याही पाच येईल असं नाही.

सहावा ते अकरावा दिवस. संवेदनेची नस मागून येते. तिचं उत्तर पाचव्या-सहाव्या दिवसापासून उतरतं आणि दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत जातं. हालचालीचं उत्तर आधी का जातं, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. नस आणि स्नायू जिथे जुळतात, तो जोड धाग्याच्याही आधी निकामी होतो. हालचालीच्या टेस्टमध्ये उत्तर स्नायूकडून घेतात, म्हणजे तो जोड वाटेत येतो. संवेदनेच्या टेस्टमध्ये उत्तर थेट नसेकडूनच घेतात. म्हणून आठव्या दिवशी "हालचाल गेली, संवेदना शाबूत" असा रिपोर्ट आला तर त्यावर उड्या मारू नका आणि घाबरूही नका. तीन-चार दिवस थांबलात तर चित्र बदलू शकतं.

दहावा ते चौदावा दिवस. आता सुईची टेस्ट बोलायला लागते. नसेपासून तुटलेला स्नायू आपोआप, कुणी न सांगता, बारीक बारीक सिग्नल सोडायला लागतो. याला फिब्रिलेशन म्हणतात. मशीनच्या स्पीकरवर पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. इजेच्या जागेजवळच्या स्नायूंत हे दहा ते चौदा दिवसांत दिसतं. लांबच्या स्नायूंत तीन-चार आठवडे लागतात, कारण तुटलेला तुकडा जितका लांब, तितका तो विरायला वेळ घेतो.

एकविसावा ते अठ्ठाविसावा दिवस. एकच टेस्ट परवडणार असेल तर ती या आठवड्यात करा. हालचाल, संवेदना आणि सुई, तिन्हींची उत्तरं या वेळी स्थिरावलेली असतात. आणि आता "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ पार बदललेला असतो. तिसऱ्या दिवशी तुटीच्या खाली नॉर्मल म्हणजे काहीच नाही. पंचविसाव्या दिवशी, मनगट उचलत नसतानाही, तुटीच्या खाली नॉर्मल म्हणजे धागे जिवंत आहेत, फक्त संदेश अडला आहे. ती खरोखर चांगली बातमी आहे. तोच शब्द, तीच जागा, तारीख वेगळी.

कॅलेंडरवर खुणा आत्ताच करून टाका. उदाहरणार्थ, इजा १२ जुलैला झाली असेल, तर २२ जुलैआधीच्या रिपोर्टवरून इजा किती खोल आहे याचा निष्कर्ष काढायचा नाही, मुख्य टेस्ट २ ते ९ ऑगस्टमध्ये, पुढची १२ ऑक्टोबरच्या सुमारास. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच मधल्या तारखेसाठी नंबर लावून ठेवा.

४. जिथे तारखेची वाट बघायची नाही

वरचा हिशेब बंद इजेचा आहे: हाड मोडणं, दाब, ताण, इंजेक्शनची सुई लागणं. खालच्या परिस्थितीत टेस्टसाठी तीन आठवडे थांबणं घातक ठरू शकतं.

धारदार वस्तूने कापलं असेल तर. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने, खिडकीच्या फुटलेल्या काचेने, कारखान्यातल्या पत्र्याने. जखम आहे आणि त्याखाली बोट बधिर किंवा हलत नाही, तर नस कापली गेली असं धरूनच त्याच दिवशी हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत शिवली तर टोकं सहज जुळतात. वरची कातडी शिवून "नस नंतर बघू" असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच चाललं, बोटं सरळ करताना असह्य कळ आली, बोटं फिकट किंवा गार पडली तर. हा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचा इशारा असतो. रात्री दोन वाजता असलं तरी हॉस्पिटल गाठा.

चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली तर. त्या नसेचं वेळापत्रक वेगळं आहे: टेस्ट साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत उपयोगी असते, आणि औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. औषधासाठी टेस्टची वाट बघू नका. सोबत हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ती नसेची नाही, मेंदूची तातडी असू शकते.

आणि मार न लागता दोन्ही पायांत अशक्तपणा सुरू होऊन दिवसागणिक वर चढत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. लगेच दाखल व्हा.

५. कुठे जायचं, काय न्यायचं

आपल्याकडे ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही. काउंटरवर नुसतं "नसेची टेस्ट" म्हटलंत तर रक्तवाहिनीच्या डॉपलरची पावती फाडली जाऊ शकते. चिठ्ठीवर "एनसीव्ही आणि ईएमजी, उजवा हात, डाव्याशी तुलना" असं स्पष्ट लिहून घ्या. "ईएमजी" हा शब्द नसेल तर विचारा. सुई टाळून फक्त एनसीव्ही केली, तर तीन आठवड्यांनंतरचं अर्धं चित्र हरवतं.

मुंबईत परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत, आणि फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षणही तिथेच चालतं. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून; स्प्लिंट, म्हणजे मनगटाला धरून ठेवणारा आधार, बनवून घ्यायलाही ती जागा चांगली. सरकारी ठिकाणी पहिला दिवस केसपेपर काढण्यात आणि ओपीडीत जातो, टेस्टची तारीख पुढची मिळते. ती तारीख तुमच्या एकवीस ते अठ्ठावीस दिवसांच्या आठवड्यात बसत नसेल, तर तिथल्याच डॉक्टरांना इजेची तारीख दाखवून विनंती करा. माझी तारीख अशी दहा दिवस अलीकडे आली. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बोला.

सोबत न्यायचं:
- केसपेपर आणि डॉक्टरांची चिठ्ठी, इजेची तारीख लिहिलेली
- सगळे एक्स-रे, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- आधीच्या एनसीव्हीचे रिपोर्ट, आलेखांच्या पानांसकट. नुसता शेऱ्याचा कागद पुरत नाही
- चालू औषधांची यादी
- ओळखपत्र
- अपघात वाहनाचा किंवा रेल्वेचा असेल तर पोलीस कागदांची प्रत. भरपाईच्या दाव्यात हे रिपोर्ट लागतात, म्हणून मूळ प्रती कुणालाही देऊन टाकू नका

लोकलने जाणार असाल तर अकरा ते चारच्या दरम्यानची वेळ मागा. निकामी हात झोळीत घेऊन गर्दीत दुसऱ्या हाताने दांडी धरणं म्हणजे नवी इजा ओढवून घेणं. मी एकदा केलं आणि दादरला उतरताना खांद्याला झटका बसला.

६. टेस्टच्या दिवशी

उपाशी राहायची गरज नाही. आंघोळ करून जा, पण हातापायाला तेल, मलम, पावडर काही लावू नका. आदल्या रात्री मालिश केलेला हात इलेक्ट्रोड धरत नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ घरीच ठेवा. बाह्या दंडापर्यंत सहज वर जातील असे कपडे घाला.

पेसमेकर आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात सुजतो, यांपैकी काही असेल तर आत गेल्या गेल्या सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हात गार असेल तर टेस्ट चुकते, आणि ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. त्वचेचं तापमान एक अंशाने उतरलं की संदेशाचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी दिसतो. पावसात भिजून एसीच्या खोलीत तासभर बसलात तर निरोगी नसही मंद वाटते. टेस्टच्या वेळी हाताची त्वचा ३२ अंशांच्या आसपास असायला हवी. शाल घेऊन जा, हात गुंडाळून बसा, आणि "हात गार लागतोय का बघता?" असं टेक्निशियनना खुशाल विचारा. गरम पाण्याची पिशवी मात्र बधिर हाताला कधीही लावू नका. चटका बसलेला कळत नाही, आणि ती जखम महिनाभर पुरते.

करंट झटक्यासारखा लागतो, सहन होतो. सुई टोचताना दुखतं, विशेषतः "आता जोर लावा" म्हणतात तेव्हा. जोर मनापासून लावा. हात हलत नसला तरी प्रयत्न करा, कारण तुमच्या त्या प्रयत्नातूनच एखादा जिवंत धागा सापडतो. माझ्या सव्विसाव्या दिवशी कोपराजवळच्या एका स्नायूत दोन सिग्नल दिसले. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवले. मनगट तसूभरही हललं नव्हतं, पण नस जोडलेली होती.

७. रिपोर्ट वाचताना

सगळ्यांची नजर आधी वेगाच्या रकान्यावर जाते, कारण टेस्टच्या नावातच वेग आहे. हातात सेकंदाला ५० मीटरच्या वर, पायात ४० च्या वर, की आपण खूश. इजेच्या बाबतीत मात्र वेगापेक्षा उंची महत्त्वाची, रिपोर्टमध्ये तिला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. शंभरातले ऐंशी धागे गेले तरी उरलेले वीस पूर्वीच्याच वेगाने धावू शकतात. वेग नॉर्मल, उंची मात्र पडलेली. दुसऱ्या हाताशी तुलना करा: चांगल्या हाताला १० मिलिव्होल्ट आणि दुखऱ्याला २ असेल, आणि दहा-अकरा दिवस उलटून गेले असतील, तर ढोबळमानाने तेवढ्या प्रमाणात धागे गेले आहेत. म्हणूनच चिठ्ठीवर "डाव्याशी तुलना" लिहून घ्यायला सांगितलं.

"फिब" (म्हणजे फिब्रिलेशन) किंवा त्याच्याच जोडीचा "पॉझिटिव्ह शार्प वेव्ह" हे शब्द दिसले म्हणजे त्या स्नायूकडे जाणारे काही धागे तरी तुटले आहेत. कोणत्या स्नायूत आहेत आणि कोणत्यात नाहीत, यावरून इजेची जागा कळते. माझ्यात दंडाच्या मागच्या स्नायूत काही नव्हतं, त्याखालच्या सगळ्यांत होतं. म्हणजे तूट दंडाच्या मध्याखाली.

एक रिपोर्ट असा असतो की जो दिसायला बरा आणि अर्थाने वाईट. मोटरसायकलवरून खांद्यावर पडलेल्या माणसाचा पूर्ण हात लुळा आणि बधिर असतो, तीन आठवडे झालेले असतात, तरी संवेदनेच्या नसेचं उत्तर अगदी नॉर्मल येतं. याचा अर्थ नसेचं मूळच मणक्यातून उपटलं गेलं असण्याची शक्यता आहे. संवेदनेच्या पेशींचं घर मणक्याच्या लगेच बाहेर असतं. तूट त्याच्याही आत झाली तर घर आणि त्याखालची नस जिवंतच राहते, फक्त मेंदूशी नातं तुटतं. असा रिपोर्ट हातात असेल तर ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं, काम करणाऱ्या सर्जनना लवकर भेटा.

आणि हेही माहीत असू द्या की चौथ्या आठवड्याची टेस्ट दुसरा आणि तिसरा प्रकार, म्हणजे नळी शाबूत आहे की सगळंच तुटलं, हे नेहमी सांगू शकत नाही. दोन्हींत उत्तर शून्य येतं. तिथे मशीनपेक्षा काळ जास्त सांगतो. नसेची हाय-रिझोल्यूशन सोनोग्राफी इथे मदत करते. नस सलग दिसते की तुटकी, हे ती थेट दाखवते.

८. तीन महिन्यांनी दुसरी टेस्ट

नस रोज साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. शिवणाची टेप घ्या. इजेच्या जागेपासून पहिल्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजा. माझं नऊ सेंटिमीटर होतं, म्हणजे तीन महिने आणि वर थोडे दिवस. त्याआधी मनगट का उचलत नाही म्हणून रडण्यात अर्थ नव्हता, पण त्यानंतरही काहीच नसतं तर गप्प बसण्यातही नव्हता.

तीन महिन्यांच्या टेस्टमध्ये सुईवर खूप तुकड्यांचे, लहान, नवे सिग्नल दिसतात का ते बघतात. डोळ्यांना हालचाल दिसायच्या काही आठवडे आधी हे दिसू शकतात. दिसले तर वाट बघायची. तीन ते सहा महिन्यांत टेस्टमध्येही काही नाही आणि हातातही काही नाही, तर सर्जनशी शस्त्रक्रियेबद्दल बोलायची ती वेळ. "अजून सहा महिने बघू" हे वाक्य ऐकलंत तर कारण विचारा. नसेविना राहिलेला स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांत कायमचा हातचा जातो, आणि शस्त्रक्रियेनंतरही नसेला त्याच १ मिलिमीटरच्या चालीने जायचं असतं.

बगलेजवळ नस तुटली असेल तर तळहाताच्या बारीक स्नायूंपर्यंत साठ सेंटिमीटरच्या आसपास अंतर भरतं. म्हणजे सहाशे दिवस. तिथे नस पोहोचेपर्यंत स्नायू उरलेला नसतो. म्हणून अशा वेळी सर्जन शेजारची चालू नस वळवून स्नायूच्या जवळ जोडतात. हे लवकर ठरवावं लागतं. वर्षभराने कुणाकडे जाऊन उपयोग नाही.

९. मधल्या काळात हात सांभाळा

मनगट वर धरून ठेवणारा स्प्लिंट पहिल्या आठवड्यातच घ्या. मनगट लोंबत राहिलं की चांगले स्नायू आखडतात आणि मुठीतली ताकदही जाते. दिवसातून चार-पाच वेळा दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं पूर्ण उघडून मिटा, सांधे धरू देऊ नका. प्लास्टर आहे तोवर दंडाची हालचाल हाडाच्या डॉक्टरांना विचारूनच.

हाडवैद्याकडे ओढून-ताणून घेणं, झटका देऊन "नस बसवणं", हे अजिबात नको. मला तीन जणांनी पत्ते दिले, प्रेमानेच दिले. मी गेले नाही.

गॅसजवळ काम करताना बधिर भागाकडे डोळे ठेवा. रेडियल नसेत अंगठा आणि तर्जनीच्या मधली मागची बाजू बधिर असते, तवा नेमका तिथे लागतो. बोटाच्या टोकाने नसेवरून खालून वर, इजेच्या जागेकडे हलके टिचक्या मारत या. मुंग्या जिथे पहिल्यांदा येतात, ती जागा महिन्यागणिक खाली सरकत असेल तर नस वाढते आहे. पेनने खूण करा, तारीख लिहा, फोटो काढा, आणि तो फोटो पुढच्या टेस्टला घेऊन जा.

स्नायू वरून खाली या क्रमानेच जागे होतात. माझं मनगट पाचव्या महिन्यात उचललं गेलं, बोटं सातव्यात उघडली, अंगठा सगळ्यात शेवटी, नवव्यात. मनगट आलं म्हणून मी पाचव्या महिन्यातच स्प्लिंट टाकून दिला होता; फिजिओथेरपिस्टबाईंनी रागावून बोटांसाठी दुसरा बनवायला लावला, आणि तो अंगठा येईपर्यंत रात्रीही हातात ठेवला.